एआय आणि आपला कामधंदा: पुण्यात पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न

भोसरी-चाकणचे लघुउद्योजक, हिंजवडीत नोकरी करणारी मुलं-मुली, बारामती-इंदापूरकडचे ऊस उत्पादक आणि बारावीच्या निकालाकडे डोळे लावून बसलेले आईवडील मला एआयबद्दल सतत काही ना काही विचारत असतात. छोट्या कारखान्यांत संगणक आणि सेन्सर बसवून देणं हे माझं काम. त्यामुळे कारखान्याबद्दल मी जास्त बोलते, बाकीच्या धंद्यांबद्दल खात्रीने सांगता येईल तेवढंच सांगते. सगळीकडे मला एक गोष्ट सारखी दिसते. हे तंत्र नोंदींवर चालतं. ज्याच्या कामाच्या नोंदी नीट आहेत आणि यंत्राचं उत्तर तपासू शकणारा जाणता माणूस ज्याने टिकवून ठेवला आहे, त्यालाच याचा उपयोग होतो.

आमच्याकडे टॅली आहे, एक्सेल आहे. एआय त्याहून वेगळं काय करतं?

टॅलीला नियम माणसाने घालून दिलेले असतात. जीएसटी किती, नोंद कुठल्या खात्यात, हे सगळं आधी ठरलेलं. एआयला नियम सांगत नाहीत, उदाहरणं दाखवतात. हजारो चांगले आणि खराब जॉब, म्हणजे कारखान्यात बनलेले भाग, दाखवले की दोन्हींतला फरक ते आकड्यांमध्ये पकडतं. २०१२ साली चित्रं ओळखण्याच्या स्पर्धेत या पद्धतीने बाकीच्यांना फार मागे टाकलं. २०१७ मध्ये भाषेसाठी ट्रान्सफॉर्मर नावाची रचना आली आणि ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी सर्वांच्या हातात पडलं.

आज एआय म्हणून जे विकलं जातं त्यात तीन निरनिराळ्या गोष्टी असतात. एक ओळखणारं यंत्र, जे फोटो, आवाज, कंपनं यातून काहीतरी हेरतं. दुसरं लिहिणारं, म्हणजे चॅटबॉट. तिसरं सिम्युलेशन, ज्यात भौतिकशास्त्राची समीकरणं मोठ्या संगणकावर सोडवतात. हे तिसरं खरं तर एआय नाही, पण विकणारे तेही त्याच पाटीखाली आणतात. आपल्या दारात यातलं नेमकं काय आलंय, हे आधी विचारून घ्या.

हे सगळं एकदम आत्ताच का आलं? यात पुण्याचा काही वाटा आहे का?

गणित जुनंच आहे. ते पेलणारी यंत्रं आणि शिकवायला पुरेशी माहिती उशिरा आली. व्हिडिओ गेमसाठी बनवलेली ग्राफिक्स चिप एकाच वेळी हजारो बेरजा-गुणाकार करते आणि एआयला नेमकं तेच लागतं.

पुण्याचा वाटा मोठा आहे, तो आपल्या मुलांना माहीत असायला हवा असं मला मनापासून वाटतं. अमेरिकेने हवा तसा महासंगणक द्यायला नकार दिल्यावर १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही सरकारी संगणक संशोधन संस्था सुरू झाली आणि विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. एकच प्रचंड प्रोसेसर मिळत नाही, तर अनेक छोटे प्रोसेसर एकत्र कामाला लावायचे, हा त्यामागचा विचार होता. आजचे सगळे महासंगणक त्याच वाटेने जातात. २००७ मध्ये टाटांच्या पुण्यातल्या प्रयोगशाळेचा ‘एका’ नावाचा संगणक जगातल्या सर्वांत वेगवान महासंगणकांच्या यादीत चौथा आला. २०२० मध्ये सी-डॅकचा परम सिद्धी एआय त्याच यादीत ६३वा होता. सप्टेंबर २०२४ मध्ये परम रुद्र मालिकेतला एक संगणक नारायणगावजवळच्या खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या, म्हणजे जीएमआरटीच्या, संशोधनासाठी पुण्याला मिळाला.

भोसरीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. कॅमेरा लावून जॉब तपासता येतात म्हणतात. खरंच होतं का?

होतं. पण कॅमेरा आणला आणि काम झालं, असं नसतं.

ॲल्युमिनियमच्या कास्टिंगचं, म्हणजे साच्यात ओतून बनवलेल्या भागाचं, उदाहरण घेऊ. फेस मशीनिंग करून पृष्ठभाग कापला की आत दडलेले ब्लो होल, म्हणजे अडकलेल्या हवेची भोकं, उघडे पडतात. इन्स्पेक्टर जॉब हातात घेतो, ट्यूबलाइटखाली तिरका करतो, अंगठ्याने कूलंट पुसतो आणि पुन्हा तिरका करतो. या दोन सेकंदांच्या हालचालीतच तपासणीचं सगळं कौशल्य आहे. कॅमेऱ्याला जॉब तिरका करता येत नाही. म्हणून प्रकाश सगळ्या बाजूंनी सारखा पडेल असा घुमटासारखा दिवा लावावा लागतो, जॉब दर वेळी त्याच जागी बसेल असं फिक्श्चर लागतं आणि आधी एअर गनने कूलंट उडवावं लागतं. तेलाचा पातळ थर राहिला तर त्यावरची चमक आणि बारीक भोक कॅमेऱ्याला सारखंच दिसतं. माझ्या अनुभवात या कामाचे निम्म्याहून जास्त कष्ट प्रकाश आणि फिक्श्चरवर जातात, सॉफ्टवेअरचा नंबर नंतर लागतो.

मग फोटो. चांगल्या जॉबचे फोटो हवे तेवढे मिळतात. खराब जॉबचे मिळत नाहीत, कारण रिजेक्शन लाल पेटीत पडतं आणि तिथून थेट भट्टीत जातं. एआय घ्यायचा विचार असेल तर आजपासून प्रत्येक रिजेक्ट जॉबचा फोटो काढा. सोबत तारीख, मशीन, हीट नंबर (भट्टीतल्या धातूच्या खेपेचा नंबर) आणि दोष लिहा. याला मोबाइल आणि एक वही पुरते. पुढे कुठलाही पुरवठादार आला तरी ही वही तुमचीच असेल.

सर्वांत अवघड भाग माणसांचा असतो. तोच जॉब दोन इन्स्पेक्टरना दाखवा. एक म्हणेल पास, दुसरा म्हणेल रिजेक्ट. केवढं भोक चालेल, कडेपासून किती अंतरावर चालेल, सीलिंगच्या फेसवर चालेल की नाही, हे गिऱ्हाइकाच्या क्वालिटीवाल्याला बसवून लिहून घेतल्याशिवाय यंत्राला शिकवायला घेऊ नका. माणसांचं एकमत नसेल तर यंत्र तोच गोंधळ शिकतं.

यंत्र दोन प्रकारे चुकतं, चांगला जॉब अडवतं किंवा खराब जॉब सोडतं. एक चूक कमी करायला गेलात की दुसरी वाढते. ब्रेकच्या पार्टला खराब जॉब सुटून चालणारच नाही. तिथे यंत्र कडक ठेवायचं आणि त्याने अडवलेले जॉब माणसाने पुन्हा बघायचे. पंख्याच्या कव्हरसाठी एवढं कडक राहायची गरज नाही. पुरवठादार "९९ टक्के अचूक" म्हणाला तर दोन्ही चुकांचे आकडे वेगवेगळे मागा. फाउंड्री बदलली आणि कास्टिंगचा रंग फिरला तर पुन्हा शिकवण्याचे पैसे कोण देणार, तेही ऑर्डरमध्ये लिहून घ्या.

मशीन बिघडण्याआधी कळतं, ते कसं?

स्पिंडलच्या, म्हणजे मशीनच्या फिरणाऱ्या दांड्याच्या, बेअरिंगला ओरखडा पडला की प्रत्येक फेऱ्याला तो ठरावीक वेळी ठोका देतो. बेअरिंगची मापं माहीत असतील तर तो ठोका किती वारंवारतेला दिसेल याचं सूत्र आहे. कंपन मोजणारा सेन्सर बसवला की तो ठोका आपल्या कानाला ऐकू येण्याच्या खूप आधी सापडतो. जुने ऑपरेटर नुसत्या आवाजावरून "याचं बेअरिंग चाललंय" म्हणतात ते याच कारणाने, फक्त तोवर बराच उशीर झालेला असतो. सेन्सर बसवताना त्याच ऑपरेटरला शेजारी उभं करा. कुठल्या जॉबला मशीन मुळातच जास्त थरथरतं, हे त्याला ठाऊक असतं. ते सांगितलं नाही तर यंत्र दर शिफ्टला खोटा गजर देतं आणि आठवडाभरात कोणीतरी त्याची वायर काढून ठेवतं.

मोठ्या कंपन्या गाडीची टक्कर संगणकावरच घडवतात. मग खऱ्या चाचण्या बंद होणार का?

नाही. गाडीचा सांगाडा लाखो बारीक तुकड्यांत विभागायचा आणि प्रत्येक तुकडा शेजाऱ्याला किती ढकलतो हे क्षणाक्षणाला मोजायचं, अशी ती पद्धत आहे. यामुळे बिघडलेलं डिझाइन आधीच बाजूला पडतं आणि खऱ्या गाड्या कमी मोडाव्या लागतात. पण रस्त्यावर येण्याचा परवाना प्रत्यक्ष चाचणीवरच मिळतो. कोथरूडची एआरएआय ही वाहनं तपासणारी संस्था १९६६ पासून त्यासाठीच आहे. फोर्जिंगमध्येही (तापलेला धातू साच्यात दाबून घडवताना) डाय, म्हणजे तो साचा, कापण्याआधी तापलेला धातू कुठे भरणार नाही ते स्क्रीनवर दिसतं. आता असा संगणक तासाच्या भाड्याने मिळतो, त्यामुळे छोट्या डाय-मेकरलाही हे परवडू लागलं आहे.

हवामानाचा अंदाज आता तरी खरा ठरणार का?

सुधारतोय, आणि त्याचं बरंचसं काम पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत, म्हणजे आयआयटीएममध्ये, चालतं. २०२४ मध्ये तिथे अर्का नावाचा ११.७७ पेटाफ्लॉपचा महासंगणक आला. एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्यं इतकी गणितं. त्याच्या जोरावर मे २०२५ मध्ये भारत फोरकास्ट सिस्टीम सुरू झाली. आधी देशाचे १२ किलोमीटरचे चौकोन पाडून अंदाज काढत, आता ६ किलोमीटरचे.

सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना हा फरक जाणवायला हवा. ताम्हिणीत धो धो कोसळत असताना बारामतीला थेंब नसतो, आणि घाटमाथ्यावर दहा किलोमीटरमध्ये पावसाचं मान पार बदलतं. चौकोन मोठा असला की डोंगर सपाट होतो आणि पाऊस सरासरीत हरवतो. चौकोन निम्मा केला की गणित मात्र दुप्पट होऊन थांबत नाही. लांबी आणि रुंदी दोन्हीकडे चौकोन दुप्पट होतात आणि वेळेचे टप्पेही बारीक करावे लागतात, म्हणून काम सुमारे आठपट वाढतं. महासंगणक लागतो तो यासाठी.

दुसरी वाट एआयची. जुन्या कित्येक दशकांच्या हवामान नोंदी शिकून ते समीकरणं न सोडवताच पुढचे दहा दिवस सांगतं. २०२३ मध्ये गुगलच्या ग्राफकास्टने हे मिनिटभरात करून दाखवलं. २०२५ च्या खरिपात केंद्राच्या कृषी खात्याने अशा एआय मॉडेलवर आधारलेला मान्सूनचा अंदाज सुमारे ३.८ कोटी शेतकऱ्यांना एसएमएसने पाठवला. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. पूर्वी कधी पडला नाही असा पाऊस पडायचा असेल तेव्हा जुन्या नोंदींवर शिकलेलं यंत्र कमी पडू शकतं.

अंदाज आल्यावर काय करायचं, हा वेगळाच विषय आहे. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून सोडलेलं पाणी सिंहगड रोडच्या एकतानगरीत घराघरांत शिरलं. पाऊस किती पडेल, धरणात किती येईल, कधी किती सोडावं आणि खालच्या वस्तीला किती तास आधी कळवावं, या साखळीतली शेवटची कडी लाउडस्पीकरवरचा माणूस आहे. मला वाटतं, पुण्याने यापुढे पैसा आणि लक्ष त्या कडीवर घालावं.

उसाच्या शेतीत एआय म्हणजे काय करतात? दोन-तीन एकरवाल्याला काही उपयोग?

बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या साथीने उसात हा प्रयोग चालवला आहे. जमिनीतले सेन्सर, शेतावरचं छोटं हवामान केंद्र आणि उपग्रहाची चित्रं एकत्र करून पाणी आणि खत कधी, किती द्यायचं हे मोबाइलवर सांगतात. आपल्याकडे ऊस पाण्यात उभा केल्याशिवाय चैन पडत नाही. वाफसा मोडतो, मुळांना हवा मिळत नाही, क्षार वर येतात. ओलाव्याचा आकडा रोज डोळ्यांसमोर आला तर ठिबकवाला माणूस मोटर बंद ठेवायला धजतो. मला यातला सर्वांत मोठा फायदा हाच वाटतो.

फुकट मिळणाऱ्या युरोपीय सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रात एक ठिपका १० मीटर बाय १० मीटरचा असतो, म्हणजे जवळजवळ एक गुंठा. दोन एकरांत ऐंशी ठिपके. कुठल्या गुंठ्यात ऊस पिवळा पडतोय एवढं त्यात नक्की दिसतं. पण जुलै-ऑगस्टमध्ये ढग आड येतात. तेव्हा रडारचा उपग्रह वापरावा लागतो आणि त्याची चित्रं वाचणं अवघड असतं. उसात चालत फिरणाऱ्या माणसाला हुमणी मुळाशी सापडते, उपग्रहाला पान वाळल्यावरच कळतं.

दोन-तीन एकरवाल्याने एकट्याने सेन्सर घेऊ नये. एका ओढ्याकाठच्या, सारख्या मातीच्या दहा-बारा जणांनी मिळून एक संच बसवला तर परवडतं. राज्य सरकारने जून २०२५ मध्ये महाॲग्री-एआय धोरण मंजूर केलं असून पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटींची तरतूद आहे. गट करून मागणी करा. आणि करार करताना एक विचाराच: माझ्या शेताची माहिती कारखान्याला, बँकेला किंवा खत कंपनीला दिली जाणार का? उसाचा अंदाज शेतकऱ्याच्या आधी खरेदीदाराला कळला तर वाटाघाटीत शेतकरी मागे पडतो.

हिंजवडीतल्या नोकऱ्या जाणार का?

काही कामं जात आहेत, ते गोड शब्दांत सांगण्यात अर्थ नाही. ठरावीक साच्यातला कोड लिहिणं, टेस्ट केस टाइप करणं, गिऱ्हाइकाच्या तक्रारीच्या तिकिटाला छापील उत्तर देणं ही नव्या मुलांची पहिल्या दोन वर्षांची कामं होती आणि ती आता पटकन उरकतात. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे २ टक्के, म्हणजे बारा हजारांवर लोक कमी करणार असल्याचं जाहीर केलं. कंपनीचं म्हणणं होतं की कारण एआय नसून कौशल्यं जुळत नाहीत हे आहे. नोकरी गेलेल्या माणसाला या फरकाने काय दिलासा मिळणार?

मला खरी काळजी पुढची आहे. पहिली पायरीच काढून टाकली तर दहा वर्षांनी अनुभवी माणूस येणार कुठून? कंपन्यांनी नवी मुलं घेऊन त्यांना एआयचं काम तपासायला शिकवलं पाहिजे. सध्या नोकरीत असाल तर तुमच्या क्लायंटचा धंदा शिका. विमा असेल तर दावा का नाकारला जातो, बँक असेल तर कर्ज कसं बुडतं. कोड लिहिणाऱ्यापेक्षा चुकलेला कोड कुठे महागात पडेल हे ओळखणाऱ्याची गरज जास्त काळ राहील.

मुलाला कॉम्प्युटर आणि एआयच घ्यायचंय. मेकॅनिकल घेतलं तर वाया जाईल का?

अजिबात नाही. पुण्यात मेकॅनिकल, सिव्हिल किंवा शेती समजणाऱ्या आणि सोबत पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा येणाऱ्या मुला-मुलीला मी आज डोळे झाकून घेईन. शाखा कुठलीही असो, संख्याशास्त्र आणि मॅट्रिक्सचं गणित पक्कं हवं. लाखभर रुपये घेऊन नोकरीची हमी देणाऱ्या क्लासपासून लांब राहा. स्वयम आणि एनपीटीईएल या सरकारी संकेतस्थळांवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट आहेत. आयटीआय करणाऱ्या मुलांनी तर घाबरूच नये. सेन्सर बसवणारा, पीएलसी (मशीन चालवणारा छोटा संगणक) जोडणारा, रोबोची ग्रिपर बदलणारा माणूस मिळत नाही म्हणून चाकणमध्ये कामं अडतात.

एक्स-रे आता यंत्रच वाचणार का?

क्षयरोगाच्या तपासणीत वाचतंच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये १५ वर्षांवरील लोकांच्या छातीच्या एक्स-रेसाठी त्याची शिफारस केली. हातात धरायचं एक्स-रे यंत्र घेऊन वस्तीत जायचं, यंत्राने संशय दाखवला की थुंकीची तपासणी करायची. जिथे रेडिओलॉजिस्ट नाही तिथे हा मोठा आधार आहे. निदान मात्र थुंकीच्या तपासणीवर आणि डॉक्टरांवरच ठरतं. चॅटबॉटला लक्षणं सांगून औषध घेऊ नका, विशेषतः मुलांसाठी.

आणि औषधांचा शोध?

प्रथिनाची घडी कशी पडते हे सांगणाऱ्या अल्फाफोल्ड या एआयसाठी २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा भाग मिळाला. त्याने २० कोटींहून जास्त प्रथिनांच्या रचना खुल्या केल्या आहेत. रेणू निवडण्याचा वेळ त्यामुळे वाचतो. माणसांवरच्या चाचण्यांना लागायची ती वर्षं लागतातच.

मराठीत हे कितपत चालतं?

चांगलं समजतं, बोलतंही. पण इंटरनेटवर इंग्रजीच्या मानाने मराठी मजकूर फार थोडा आहे. त्यामुळे मराठी माहितीत ते जास्त चुकतं आणि चूक तितक्याच ठामपणे सांगतं. सातबारा, फेरफार, सोसायटीचे उपविधी अशा बाबतींत त्याचं उत्तर मूळ कागदाशी ताडून पाहा. केंद्राच्या भाषिणी प्रकल्पासारख्या ठिकाणी आवाज आणि वाक्यं देता येतात. वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी बोलणाऱ्यांनी ती जरूर द्यावीत, नाहीतर यंत्राला एकाच वळणाची मराठी कळत राहील.

मुलाच्या आवाजात फोन आला, पैसे मागितले. हे एआय होतं का?

असू शकतं. थोड्याशा रेकॉर्डिंगवरून आवाजाची नक्कल होते. फोन ठेवा आणि मुलाच्या नेहमीच्या नंबरवर स्वतः फोन करा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम खात्यात अडवण्याची शक्यता जास्त. दुसऱ्यांच्या गुन्ह्यांचे पैसे फिरवणारी भाड्याची खाती हुडकायला रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबने म्यूलहंटर नावाचं एआय बनवलं आहे, पण पैसे बाहेर पडल्यावरची धावाधाव ती धावाधावच.

गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग चॅटजीपीटीत टाकून प्रोसेस शीट बनवली तर चालेल का?

विचारल्याशिवाय नको. बहुतेक मोठ्या गिऱ्हाइकांशी तुमचा गोपनीयतेचा करार झालेला असतो, पर्चेस ऑर्डरच्या मागच्या बाजूच्या बारीक अक्षरांत पाहा. फुकट खात्यात टाकलेली माहिती पुढचं मॉडेल शिकवायला वापरली जाऊ शकते. कामगारांचे आधार, पगार, मेडिकल यांचंही तसंच, त्यासाठी २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा आहे. ड्रॉइंगवरचं नाव, पार्ट नंबर आणि मापं काढून फक्त मटेरियल आणि ऑपरेशनचा प्रकार विचारा. फीड आणि स्पीड (कापण्याचा वेग) जे येईल ते इन्सर्टच्या, म्हणजे कापणाऱ्या टोकाच्या, डब्यावर छापलेल्या आकड्यांशी जुळवा आणि पहिला जॉब सेटरला कमी फीडवर घ्यायला सांगा.